बवाजाची आई राहिली

दुपारी कपाट आवरताना मोबाइलवर बायबल लावलं होतं. मुद्दाम ऐकायला बसले होते असं नाही. हात अडकलेले होते आणि कान रिकामे, एवढंच. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर चढला आणि वाचणाऱ्याने त्याच्या दोन्ही बाजूंना कोण कोण उभं होतं ते सांगायला घेतलं. उजवीकडे सहा जण, डावीकडे सात. मत्तिथ्या, शमा, अनाया... माझं बोट आपसूक वेग वाढवायच्या बटणाकडे गेलं. नावं आली की दीडपट, हे त्या बोटाला पाठ झालंय. मग दीडपट वेगाने एज्राने ग्रंथ उघडला, दीडपट वेगाने सगळे लोक उभे राहिले, आणि पुढे लेव्यांची, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांची, नावं आली तीही भुर्रकन गेली. आणि ही माणसं कोण? पाणीवेशीसमोरच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्राकडे कान लावून राहिलेली. ऐकून रडली सुद्धा. रडू नका, आज आनंदाचा दिवस आहे, असं त्यांना सांगावं लागलं.

आजी असती तर मोबाइल हातातून काढून घेतला असता.

तिला वाचता येत नव्हतं. त्यामुळे रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला शास्त्रपाठ आम्हा नातवंडांकडे असायचा, आणि मत्तयाचा पहिला अध्याय ज्याच्या वाट्याला येई त्याचे हाल. अब्राहामापासून सुरू झालेली येशूची वंशावळ संपता संपत नाही. आम्ही अर्थातच गाळायचो. अधलीमधली दोन-तीन नावं खाल्ली तर कुणाला कळणार? आजी भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेली. झोपली असावी असा आमचा पक्का समज. आणि तेवढ्यात आवाज यायचा, ‘अरे, बवाजाची आई राहिली.’ मग मागे जाऊन, सल्मोनाला राहाबेपासून बवाज झाला, हे नीट म्हणावं लागे. त्या वंशावळीत बायका मोजक्याच. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको, आणि शेवटी मरीया. त्यातली एकही आजीने कधी गळू दिली नाही. पुरुष गळले तर चालत असे म्हणता? छे. सादोकही सुटायचा नाही.

तिच्याकडे पुस्तक नव्हतं, म्हणून तिला सगळं ठेवून घ्यावं लागलं असेल. इजिप्तच्या अंतोनी या संन्याशाबद्दल अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने असंच काहीसं लिहून ठेवलं आहे: तो वाचन इतकं लक्ष देऊन ऐके की पुढे स्मरणशक्तीच त्याचा ग्रंथ झाली. हा अंतोनी तिसऱ्या शतकातला. आईवडील नुकतेच गेलेले, वय विशीच्या आसपास. एक दिवस चर्चमध्ये शिरला तेव्हा शुभवर्तमानाचं वाचन चालू होतं. तुझं असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे, हे येशूने एका श्रीमंत तरुणाला सांगितलेलं. अंतोनीला वाटलं, हे मलाच सांगितलंय. बाहेर पडला आणि वडिलोपार्जित जमीन गावाला देऊन टाकली. तो थोडा उशिरा पोचला असता तर? हा प्रश्न मला उगाच छळतो. उपासनेला उशिरा येणाऱ्यांकडे मी ज्या नजरेने बघते, तिचं मूळ बहुधा यातच असावं.

माझी आणखी एक खोड आहे. शास्त्रपाठ सुरू झाला की मी बायबल मिटून ठेवते. आजूबाजूला सगळे पानं उलटत असतात, अध्याय कितवा, ओवी कितवी, अशी शेजारी कुजबुज चालू असते, आणि मी नुसती बसते. लोकांना वाटतं हिने पुस्तक आणलं नाही. एखादी भली बाई आपलं अर्धं माझ्यापुढे सरकवते. कसं सांगणार? प्रेषित पौलाची पत्रं मंडळ्यांना पोचली तेव्हा कुणाच्या मांडीवर प्रत होती? एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. थेस्सलनीकाकरांना तर त्याने शपथच घातली आहे की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, नव्या करारातल्या ओव्यांचे आकडे 1551 सालचे. त्यापूर्वीचे विश्वासी आकड्यांवाचूनच तरले. डोळ्याला सवय लागते आवडीच्या ओवीवर उतरायची आणि नावडतीवरून उडी मारायची. कानाला ती सोय नाही. जे येईल ते, ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने. विश्वास ऐकण्याने होतो असं पौल रोमकरांना लिहितो, तेव्हा मला ही गैरसोयच आठवते.

अर्थात पौलाचं बोलणं ऐकणंही सोपं नव्हतं. त्रोवस शहरात तो मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. माडीवर दिवे पुष्कळ, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा पोरगा पेंगत पेंगत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तो मेलेलाच. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं, याच्यात जीव आहे म्हणाला, परत वर आला, भाकर मोडली, आणि पुन्हा पहाटेपर्यंत बोलत बसला! ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणाऱ्या लूकने हे न लाजता लिहून ठेवलंय, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. लांबलेल्या प्रवचनात डुलकी लागली की मला युतुखाचा केवढा आधार वाटतो.

आणि मग तो आवडता अध्याय. संडे स्कूलमध्ये सगळ्यांनी पाठ केलेला. बाळ शमुवेल हाक ऐकून रात्री तीनदा उठून याजक एलीकडे धावतो, हाक देवाची आहे आणि काय म्हणायचं ते एली त्याला शिकवतो, आणि चौथ्या हाकेला तो म्हणतो, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ इथे बाई पुस्तक मिटायच्या. चित्रंही इथवरचीच असतात, गुडघे टेकलेला गोरागोमटा मुलगा. पण पुढे देव बोलतो. ऐकणाऱ्याचे दोन्ही कान भणभणतील असं काहीतरी मी करणार आहे, म्हणतो. ज्या एलीने ऐकायला शिकवलं, त्याच्याच घराण्याचा नाश, त्याच्या मुलांच्या पापांपायी. पोरगा सकाळपर्यंत पडून राहतो, उठून परमेश्वराच्या घराचे दरवाजे उघडतो, आणि सांगायला भितो.

एली त्याला हाक मारतो. दृष्टी मंदावलेला म्हातारा. माझ्यापासून काही लपवलंस तर देव तुझं तसंच करो, असं बजावतो, आणि सगळं ऐकून घेतो. मध्ये अडवत नाही, माझी मुलं तशी नाहीत असंही म्हणत नाही. तो परमेश्वर आहे, त्याला बरं वाटेल ते तो करो, एवढंच बोलतो.

शमुवेलाचं वाक्य मी रोजच्या प्रार्थनेत म्हणते. एलीचं अजून तोंडात आलेलं नाही.