मोबाईलवर आलेली चिठ्ठी

परळच्या ज्या औषधाच्या दुकानात मी नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून काम करते, तिथले निम्मे गिऱ्हाईक केईएम, वाडिया आणि टाटा या रुग्णालयांतून येते, त्यामुळे घाईत लिहिलेला केस पेपर वाचणे हा आमच्यासाठी हातचा मळ झाला आहे. करोनाच्या काळापासून त्यात मोबाईलच्या पडद्यावर दाखवल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांची भर पडली आणि ‘ऑनलाइन डॉक्टरची चिठ्ठी चालते का?’ हा प्रश्न काउंटरवर रोजचा झाला. या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि ते का देता येत नाही, हे जुलैतल्या एका पावसाळी दिवशी आलेल्या दोन गिऱ्हाइकांच्या निमित्ताने जितके स्पष्ट झाले तितके एरवी कधी झाले नव्हते.

त्या दिवशी हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणी भरले होते, मध्य रेल्वे शीव-कुर्ल्याच्या दरम्यान अडकली होती आणि आसपासच्या बऱ्याच दवाखान्यांची शटरे दुपारपर्यंत उघडलीच नव्हती. साहजिकच जो येत होता तो फोन पुढे करत होता. भोईवाड्यातले एक काका अकराच्या सुमारास आले. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, म्हणजे टेल्मिसार्टन, आदल्या रात्री संपल्या होत्या. त्यांचे नेहमीचे डॉक्टर ठाण्याला राहतात. ते येऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉलवर काकांशी बोलून, घरच्या यंत्रावर घेतलेले रक्तदाबाचे आकडे विचारून, स्वतःच्या लेटरहेडवर हाताने चिठ्ठी लिहिली, सही केली आणि तिचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटो जरा तिरका होता आणि कागदाच्या एका कोपऱ्यावर डॉक्टरांच्या अंगठ्याची सावली पडली होती.

आमच्याकडे डी. फार्म. करणारा एक मुलगा प्रशिक्षणासाठी येतो. तो हळूच म्हणाला, “मॅडम, हा तर नुसता फोटो आहे. काकांना मूळ कागद आणायला सांगू का?”

त्याची शंका रास्त होती, पण उत्तर नियमातच आहे. 25 मार्च 2020 रोजी टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन, व्हिडिओ किंवा चॅटवरून दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याची, मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली आणि ती डॉक्टरांच्या 2002 च्या व्यावसायिक आचारसंहितेला परिशिष्ट म्हणून जोडली गेली. त्यांत सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन ईमेलने अथवा मेसेजिंगच्या कोणत्याही माध्यमातून पाठवण्याची मुभा डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असला पाहिजे, आणि तो काकांच्या चिठ्ठीवर होता. शिवाय या डॉक्टरांनी त्यांना मे महिन्यात समोरासमोर तपासले होते. प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच डॉक्टरांनी त्याच आजारासाठी दिलेला सल्ला ‘पाठपुरावा’ या सदरात मोडतो आणि रक्तदाब, मधुमेह, दमा यांसारख्या आजारांच्या चालू गोळ्या अशा सल्ल्यात पुन्हा लिहून देता येतात. सरकारची स्वतःची ई-संजीवनी ही दूरस्थ सल्ल्याची सेवा याच चौकटीत चालते. मी काकांना महिन्याच्या गोळ्या दिल्या.

एक अडचण मात्र उरली, आणि तिच्याकडे कायदा करणाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिले आहे असे मला वाटत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 मधला 65वा नियम असे सांगतो की, औषध देताना चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वर, दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख नोंदवावी. यामागचा हेतू उघड आहे. डॉक्टरांनी पुन्हा देण्यास सांगितलेले नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध मिळावे आणि तीच चिठ्ठी घेऊन माणूस चार दुकाने फिरू नये. कागदावर आम्ही शिक्का मारतो. पडद्यावर शिक्का कुठे मारायचा? मी काकांचा फोटो दुकानाच्या क्रमांकावर मागवून छापून घेतला आणि त्या प्रतीवर शिक्का मारून ती फाइलला लावली, पण मूळ फोटो काकांच्या फोनमध्ये जसाच्या तसा राहिला, हे मलाही ठाऊक होते आणि त्या मुलालाही. रक्तदाबाच्या गोळीच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. झोपेच्या गोळीच्या बाबतीत बिघडते.

संध्याकाळी सातच्या सुमारास ऑफिसच्या पेहरावातली, गुडघ्यापर्यंत भिजलेली एक तरुणी आली. तिने फोनवर उघडलेली पीडीएफ पाहताच त्या मुलाचा चेहरा खुलला, कारण सकाळच्या तिरक्या फोटोच्या तुलनेत ही चिठ्ठी देखणी होती. वर रंगीत बोधचिन्ह, खाली क्यूआर कोड, डॉक्टरांचे नाव, पदवी, डिजिटल सही, दुसऱ्या एका राज्याच्या वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक. औषध होते अल्प्राझोलम 0.5, म्हणजे झोपेची गोळी, रोज रात्री एक, तीस गोळ्या. निदानाच्या रकान्यात ‘निद्रानाश’ एवढेच लिहिलेले होते.

परराज्यातला डॉक्टर म्हणून चिठ्ठी नाकारणारे दुकानदार मी पाहिले आहेत, पण तसा नियम नाही. भारतातल्या कोणत्याही राज्यात नोंदणी झालेला डॉक्टर देशातल्या कोणत्याही रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतो. मी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून पाहिला, तर डॉक्टर खरे होते, पदवी खरी होती. अडचण औषधात होती. टेलिमेडिसिनच्या तत्त्वांमध्ये औषधांच्या याद्या केलेल्या आहेत: पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात, काही औषधे पहिल्याच सल्ल्यात लिहायची तर व्हिडिओवर रुग्णाला पाहावे लागते, काही फक्त पाठपुराव्यात चालतात, आणि शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली तसेच 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्यात समाविष्ट असलेली अमली आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारी औषधे दूरस्थ सल्ल्यात लिहिताच येत नाहीत. अल्प्राझोलम त्या कायद्याच्या यादीत आहे. म्हणजे डॉक्टर खरे, चिठ्ठी खरी, आणि तरीही त्या मार्गाने हे औषध लिहिणे नियमबाह्य होते.

एवढ्यावर ‘मिळणार नाही’ असे सांगून मी मोकळी होऊ शकले असते. पण अल्प्राझोलम मागणाऱ्या माणसाला मी एक प्रश्न नेहमी विचारते, तो विचारला.

“ही गोळी तुम्ही आधी घेत होतात का?”

“माझ्यासाठी नाही हो ताई, आईसाठी आहे.”

मी चिठ्ठी पुन्हा पाहिली. रुग्णाचे नाव या मुलीचे होते. वय 29.

मग सगळी हकिगत बाहेर आली. आई 63 वर्षांची, गावी कोकणात राहत होती आणि पावसाळ्यापुरती मुलीकडे परळला आली होती. वडील गेल्यापासून, म्हणजे काही वर्षे, ती ही गोळी घेत होती. गावचे डॉक्टर देत आणि तिथला दुकानदार ओळखीवर पुढे चालू ठेवत असे. मुंबईत गोळ्या संपत आल्या तेव्हा मुलीने फोनवर ॲप उघडले. खाते तिच्या नावाचे होते, त्यामुळे नाव आणि वय आपोआप तिचेच आले. तिने वाटले तसे पर्याय निवडत फॉर्म भरला, चॅटवर दोन-तीन प्रश्नांची उत्तरे दिली, पैसे भरले आणि काही मिनिटांत चिठ्ठी आली. कोणी कॉल केला नाही. चिठ्ठीच्या खालीच ‘औषधे मागवा’ असे बटण होते, पण घरपोच यायला दोन दिवस लागणार होते म्हणून ती दुकानात आली होती.

नातेवाइकाने रुग्णाच्या वतीने सल्ला घेणे चुकीचे नाही. लहान मुलांसाठी किंवा ज्यांना स्वतः बोलता येत नाही अशांसाठी ते चालतेच, आणि इतरांच्या बाबतीत रुग्णाची संमती दाखवावी लागते. पण इथे डॉक्टरांना हे माहीतच नव्हते की आपण दुसऱ्याच कोणासाठी तरी लिहीत आहोत. नीट निदान केल्याशिवाय औषध लिहिणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते असे तीच तत्त्वे सांगतात. एकोणतीस वर्षांच्या निरोगी मुलीचा निद्रानाश चॅटवर ठरवून तीस गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ते वाचले नसावे, किंवा वाचून बाजूला ठेवले असावे.

मी विचारले, “आईला आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?” तिने पर्समधून दुधाच्या पिशवीएवढी एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. नमुना दाखवायला म्हणून आईच्या सगळ्या स्ट्रिपा ती बरोबर घेऊन आली होती. थायरॉइडची गोळी, कॅल्शियम, आणि कात्रीने आडव्या कापलेल्या अर्ध्या स्ट्रिपवर ट्रामाडॉल व पॅरासिटामॉल. गुडघेदुखीसाठी कोणीतरी कधीतरी दिलेली ती गोळी आई ‘दुखलं की’ घेत होती, आणि दुखणे रोज रात्रीच बळावत होते.

ट्रामाडॉल अफूच्या वर्गातले वेदनाशामक आहे. ते आणि अल्प्राझोलम एकत्र घेतले तर गुंगी वाढते आणि श्वास मंदावू शकतो, आणि वय वाढलेल्या माणसात हा धोका अधिक असतो. रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन पडण्याची भीती वेगळीच. “मागच्या महिन्यात आई पडली होती,” असे ती म्हणाली, आणि मग बराच वेळ पिशवीकडेच पाहत राहिली. फॉर्ममध्ये ‘इतर औषधे’ असा रकाना होता का, असे मी विचारले. होता, पण तो भरणे सक्तीचे नव्हते.

आमचे मालक तोपर्यंत गल्ल्यावरून उठून आले होते. “मॅडम, डॉक्टर खरा आहे ना? मग द्या दहा गोळ्या. पलीकडचा देणारच आहे,” असे ते मला बाजूला घेऊन म्हणाले. त्यांची अडचण मला कळते, कारण धंदा त्यांचा आहे. पण अल्प्राझोलम शेड्यूल एच-वन या औषधांच्या यादीतही आहे. मार्च 2014 पासून अशा औषधांचे वेगळे रजिस्टर ठेवावे लागते, त्यात डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. मी मालकांना विचारले, “रुग्णाच्या रकान्यात मी कोणाचे नाव लिहू?” औषध निरीक्षक आले की ते रजिस्टर आधी मागतात हे त्यांनाही माहीत असल्यामुळे ते परत गल्ल्यावर जाऊन बसले.

नकार देणे सोपे होते, पण तो निर्धोक नव्हता. वर्षानुवर्षे घेतलेले अल्प्राझोलम एकाएकी बंद केले तर हातपाय थरथरणे, तीव्र बेचैनी आणि काही जणांना फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. म्हणजे गोळी चालू ठेवणेही वाईट आणि तोडणेही वाईट, आणि यातला मार्ग फक्त आईला समोर बसवून तपासणारा डॉक्टरच काढू शकत होता. मी चिठ्ठीवरच्या क्रमांकावर फोन केला. तो ग्राहक सेवा केंद्राचा निघाला. डॉक्टरांशी बोलायचे असेल तर नवा सल्ला बुक करावा लागेल, असे तिथल्या मुलाने अगदी नम्रपणे सांगितले. हे मला त्या दिवसातले सर्वांत चुकीचे वाटले. काकांच्या डॉक्टरांना मी सकाळी एक मिनिटात फोन लावू शकले असते. इथे सही करणाऱ्यापर्यंत फार्मासिस्टला पोहोचताच येत नव्हते.

“घरी किती गोळ्या शिल्लक आहेत?” मी विचारले. दोन होत्या. मी तिला सांगितले की आजच्या रात्रीपुरती आईला नेहमीची गोळी घेऊ दे, ट्रामाडॉल मात्र आज मुळीच नको, गुडघ्याला नुसते पॅरासिटामॉल चालेल, आणि उद्या सकाळी आईला घेऊन केईएमच्या मानसोपचार ओपीडीत जा. रात्री खूप गुंगी किंवा श्वासाचा त्रास वाटला तर थेट अपघात विभागात जायचे, हेही बजावले. एका कागदावर गोळीचे नाव, मात्रा, किती वर्षे चालू आहे, ट्रामाडॉलची जोड आणि मागच्या महिन्यातले पडणे, एवढे मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिले, कारण ओपीडीच्या गर्दीत हे सगळे सांगायला अर्धा मिनिटसुद्धा मिळत नाही.

“पण ताई, मग हे ऑनलाइन डॉक्टर फसवेच असतात का?” जाताना तिने विचारले. मी नाही म्हणाले. सकाळच्या काकांची गोष्ट सांगितली. रुग्ण कोण आहे हे डॉक्टरांनी ओळखले, त्याच्याशी ते बोलले, नोंदणी क्रमांक दिला आणि त्या मार्गाने चालणारेच औषध लिहिले, तर फोनवरची चिठ्ठी दवाखान्यातल्या चिठ्ठीइतकीच वैध असते, आणि मग ती कोणत्या दुकानात वटवायची हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा असतो, बटणाचा नाही. लोक ऑनलाइन औषधविक्री आणि ऑनलाइन सल्ला यांची गल्लत करतात, ती करू नये. औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा केंद्राने ऑगस्ट 2018 मध्ये काढला, आणि त्यावरचे वाद न्यायालयांत गेले. डॉक्टरांच्या सल्ल्याचे नियम मात्र 2020 पासून लिखित स्वरूपात आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केस पेपर घेऊन आली. ओपीडीतल्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल बंद करून गुडघ्यांसाठी अस्थिरोग विभागात पाठवले होते, आणि अल्प्राझोलमची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायला सुरुवात केली होती, पुढच्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्याच गोळ्या लिहून. मी रजिस्टरमध्ये आईचे नाव लिहिले आणि कागदावर शिक्का मारला. आमच्या शिकाऊ मुलाने तिला गोळी कापायचे छोटे यंत्र दाखवले, कारण पुढच्या टप्प्यात अर्धी गोळी द्यायची होती आणि ती सुरीने कापली की चुरा होतो.

महिन्याभराने ती पुन्हा आली तेव्हा जरा वैतागलेली होती. त्या ॲपवरून तिला संदेश येऊ लागले होते की तुमच्या झोपेच्या गोळ्या संपत आल्या असतील, एका क्लिकवर पुन्हा मागवा. तिच्या खात्यातल्या वैद्यकीय नोंदीत आता निद्रानाश आणि अल्प्राझोलम दोन्ही कायमचे बसले होते, आणि ऑफिसच्या आरोग्य विम्याचा फॉर्म भरताना ‘पूर्वीचे आजार’ या प्रश्नापाशी ती अडली होती. ही नोंद चुकीच्या माणसाच्या नावावर झाली आहे, असे डॉक्टरांना आणि कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती मागा आणि त्या ईमेलची प्रत जपून ठेवा, असे मी सुचवले. तिने काउंटरवर उभ्याउभ्याच ईमेल लिहिला. चोवीस तासांत संपर्क करू, असे स्वयंचलित उत्तर लगेच आले. डॉक्टरांचे उत्तर मात्र, तिच्याकडून मला शेवटचे कळले तेव्हा, आलेले नव्हते.