वायरमनचा अनुभव आणि कॉलेजची खिडकी

नववीत शाळा सुटली आणि मी कळव्याच्या एका कंत्राटदाराकडे वायरिंगला लागलो. घोडबंदर रोडला टॉवरवर टॉवर चढत होते, कामाला तोटा नव्हता. पण काम येतं हे दाखवायला कागद एकही नाही. 2018 मध्ये साइटवरच आरपीएलचा, म्हणजे अनुभवातून शिकलेलं काम तपासून सर्टिफिकेट द्यायचा कॅम्प लागला. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतला हा भाग. आधीपासून जे येतं तेच तपासतात. तेव्हा 12 तासांचं ओरिएंटेशन होतं, मग बाहेरचा असेसर, म्हणजे परीक्षक. पोरगाच होता.

प्रॅक्टिकलची धास्ती नव्हती. डीबी, म्हणजे मेन स्विचांचा डबा, जोडून दिला, त्याने स्क्रू ओढून बघितले, झालं. तोंडीला मात्र घाम फुटला. विषय आरसीसीबी, म्हणजे आपोआप वीज तोडणारा स्विच.

"आरसीसीबी कशाला लावता?"

"शॉक बसू नये म्हणून."

"पण त्याला कळतं कसं?"

इतकी वर्षं बसवतोय, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. मग वर्तकनगरची एक जुनी बिल्डिंग आठवली. पावसात भिंतीला ओल आली की आरसीसीबी पडायचा, लाइट जायची आणि लोक मागे लागायचे, काढून टाका हो ही कटकट. तेच सांगितलं. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत येत नाही, थोडा ओल्या भिंतीतून जमिनीत उतरतो. घरातल्या आरसीसीबीवर 30 मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, फरक तेवढा झाला की तो पडलाच पाहिजे. पोरगा हसला. "काका, हेच तर विचारत होतो."

सर्टिफिकेट घेऊन प्रवेशासाठी ठाण्यातल्या एका कॉलेजात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी ते उलटसुलट करून बघितलं. "बारावीची मार्कशीट?" त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. अनुभव तपासून त्याचे क्रेडिट, म्हणजे शिक्षणात धरले जाणारे गुण, द्यायची सोय राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात आली ती 2023 मध्ये. वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट, असा त्यांचा हिशेब. माझ्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

शेवटी वाट मिळाली ती नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या, बारावी न झालेल्यांसाठीच्या पूर्वतयारी परीक्षेतून. तेव्हा वय 18 पूर्ण लागायचं, मराठी लिहिता-वाचता यावं लागायचं, पास झालं की बीएच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळायचा. गंमत अशी की तिथे माझं वायरिंगचं सर्टिफिकेट कुणी बघितलंही नाही. अभ्यासकेंद्राचे वर्ग रविवारी, आणि रविवारीच सोसायट्यांचे फोन जास्त.

एक नीट समजून घ्या: पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. नोकरीसाठी बारावीच मागत असतील तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून आधी दहावी, मग बारावी द्या, वेळ लागला तरी.

आणि आरपीएलला बसणार असाल तर शेठकडून अनुभवाचं पत्र आधीच घेऊन ठेवा. आमच्या शेठकडे लेटरहेड नव्हतं. साध्या कागदावर लिहून खाली दुकानाचा शिक्का मारला, तेवढ्यावर चाललं.