बाबागाडी कधी बंद करायची?

सोमवार, रात्री

लेकीला तीन वर्षं पूर्ण होऊन काही महिने झाले आणि घरात एकच विषय सारखा निघतोय, बाबागाडी आता बंद करायची का? आईचं म्हणणं स्वच्छ आहे, "धडधाकट पोर आहे, चालू दे की तिला." बायको म्हणते, "चालू दे, पण सकाळच्या घाईत तिला बालवाडीत कोण पोचवणार आणि किती वाजता निघणार, ते आधी ठरवू." दोघींचंही पटतं. म्हणून आज लिहायला बसलो. डोक्यात नुसते घोळत राहिले की असे विषय पुढे सरकत नाहीत.

रस्त्यात अनोळखी माणसंही मत देऊन जातात. "एवढी मोठी मुलगी आणि गाडीत?" तेही तिच्या देखत. आम्ही कुठून निघालो, किती चाललो, तिची दुपारची झोप झाली की नाही, यातलं काहीच ज्याला ठाऊक नाही त्यानं तीन वर्षांच्या मुलीला लाजवायचं कारण काय? आज परत येताना ती म्हणाली, "बाबा, मी मोठी झाले ना?" म्हटलं, "झालीस की." "मग मी बसायचं नाही?" मी सांगितलं, "पाय दमले की बसायचं. त्यात लहान-मोठं काही नसतं." ती बसून राहिली, पण गाडीचं छप्पर हातानं पुढे ओढून घेतलं. मला ते लागलं.

काही मुलांना पाचव्या-सहाव्या वर्षीही गाडी लागते. कुणाच्या स्नायूंत जोर कमी असतो, कुणाचे सांधे फार सैल असतात, कुणाला गर्दीचा आणि आवाजाचा इतका त्रास होतो की त्या छपराखालीच काय तो आसरा मिळतो. लांबून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्या आईबापांना असले शेरे किती ऐकावे लागत असतील कोण जाणे. निदान आपण तरी कुणाच्या गाडीकडे बघून असं काही बोलायचं नाही, एवढं मी आणि बायकोनं आज आपसात ठरवून टाकलं.

मंगळवार

ज्याचं उत्तर मोजून मिळतं ते आधी उरकलं.

गाडीच्या सांगाड्यावर मागच्या बाजूला लेबल असतं, त्यावर वजनाची मर्यादा छापलेली असते. आमच्या गाडीची 15 किलो. सगळ्या गाड्यांची तीच नसते. युरोपात बाबागाड्यांसाठी ईएन 1888 नावाचं मानक आहे. त्याच्या पहिल्या भागात 15 किलोपर्यंतच्या मुलांच्या गाड्या येतात, दुसऱ्या भागात त्यापुढे 22 किलोपर्यंतच्या. त्यामुळे दुसऱ्या कुणाचं मूल चौथ्या वर्षापर्यंत बसलं म्हणून आपलंही बसेल, हा हिशोब चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मुलींचं मधलं वजन साडेतीन वर्षांना 15 किलोच्या आसपास येतं, मुलग्यांचं त्याच्या किंचित आधी. लेकीचं वजन आता त्या आकड्याला टेकलंय. मर्यादा ओलांडली म्हणून गाडी त्याच दिवशी मोडून पडत नाही, पण मिटायच्या सांध्यांवर, चाकांच्या आसांवर आणि ब्रेकवर ताण येत राहतो. उतारावर उभी केलेली गाडी ब्रेकनं धरून राहील याची खात्री नसेल तर तिच्यात मुलाला बसवायचं नाही, हे माझं पक्कं मत आहे.

मग तिला बसवलं आणि समोर खाली बसून नीट बघितलं. खांद्यावरचे पट्टे सगळ्यात वरच्या खाचेत आहेत, तरी ते तिच्या खांद्यांच्या बरेच खालून निघतात आणि वरून येताना खांदे खाली दाबतात. डोकं पाठीच्या वर गेलंय. पाय ठेवायच्या पट्टीवर पाय टेकवले की गुडघे पोटाशी येतात, म्हणून ती पाय खाली सोडते. मग बुटांची टोकं पुढच्या चाकाला घासतात. उजव्या बुटाच्या टोकाचं रबर तिरकं झिजलंय आणि आतलं कापड दिसायला लागलंय. चालत्या चाकात बूट अडकला तर घोटा पिरगळायला वेळ लागणार नाही. वजन काट्यावर दिसतं म्हणून आपण तेच धरून बसतो, पण मला बुटाचं ते टोक जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक. मधलं बकल आता तिला स्वतःला उघडता येतं, आणि उघडलं की ती आम्हाला न सांगता उतरते. हँडलला जड पिशवी अडकवलेली असेल तर पुढचं वजन गेल्या क्षणी गाडी मागे उलटते. त्यामुळे गाडी ठेवा नाहीतर काढा, पिशवी आजपासून खालच्या जाळीतच.

गुरुवार

आज तिला बालवाडीतून आणताना मुद्दाम घाई केली नाही. जे दिसलं ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण निर्णय यावरच व्हायचा आहे असं मला वाटायला लागलंय.

"तिला चालता येतं ना, मग गाडी कशाला?" असं सगळे विचारतात. चालता तिला केव्हाचंच येतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळेपणी खेळणाऱ्या मुलांची पावलं मोजली होती. 2012 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. 12 ते 19 महिन्यांची मुलं तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात, असं त्यांना दिसलं. जेमतेम चालायला लागलेलं मूल एका तासात एवढं चालतं. म्हणजे पावलांची कमतरता कधीच नव्हती. फक्त ती पावलं कुठे जाण्यासाठी नसतात. मूल चार पावलं टाकतं, थांबतं, वळतं, काहीतरी उचलतं, पुन्हा निघतं. त्याचं ते सगळं चालणं जिथे आहे तिथल्या तिथेच असतं.

तीन वर्षांच्या मुलीतही हे बरंचसं शिल्लक आहे. संध्याकाळभर घरात धावणारी आमची लेक रस्त्यावर थोडं अंतर गेलं की हात वर करते, "उचल." आईला हे लाड वाटतात. मला तसं वाटत नाही. घरात ती आपल्या मनानं धावते आणि आपल्या मनानं फतकल मारते. रस्त्यावर तिला माझ्या दिशेनं, माझ्या चालीनं, न थांबता जायचं असतं. तिची उंची मीटरभरही नाही. माझ्या एका पावलाला तिला दोन टाकावी लागतात, कधी तीन. त्यात अजून किती जायचंय हे तिला कळत नसतं, आणि कुठे संपणार ते माहीत नसलेली वाट मोठ्या माणसालाही लांब वाटते.

गाडी इतके दिवस नेमकं हेच काम करत होती. चालायची गरज ती कधीच भागवत नव्हती, पोचायची गरज भागवत होती. म्हणून तिला चालता येतं का हे विचारण्यात अर्थ नाही, तिला पोचता येतं का ते बघायचं. आपण कुठे निघालोय हे तिच्या मनात राहतं का? वाटेत काही दिसलं, थांबली, तरी पुन्हा त्याच दिशेला वळते का?

आज कुंपणाच्या भिंतीला लागून मुंग्यांची रांग चालली होती. ती उकिडवी बसली, दोन्ही हात गुडघ्यांत, नाक जवळजवळ भिंतीला टेकलेलं. एका मुंगीच्या तोंडात तिच्याहून मोठा पांढरा कण होता. तो खाली पडला, मुंगीनं गोल फिरून पुन्हा धरला. "पडला!" आणि मग, "उचलला!" मी गप्प उभा राहिलो. पूर्वी अशा वेळी मला तिला उचलूनच पुढे न्यावं लागायचं, नाहीतर ती तिथून हलायची नाही. आज ती आपली आपण उठली, हात झटकले आणि म्हणाली, "आता लाल फाटक, मग वळायचं, मग घर." आणि चालायला लागली. लाल फाटक आलं तेव्हा त्याला हात लावला. वळली.

मला फार आनंद झाला. वाट तिच्या डोक्यात आहे.

शनिवार

गाडीचा इतिहास वाचत बसलो आणि त्यात गुंतलो. 1733 मध्ये विल्यम केंट या इंग्रज रचनाकारानं ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक छोटी गाडी बनवली होती, शेळीनं किंवा तट्टानं ओढायची. ती मुलांच्या मौजेची वस्तू होती, त्यातून कुणाला वेळेवर कुठे पोचायचं नव्हतं. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी आली ती थेट 1965 च्या सुमाराला. ती बनवणारे ओवेन मॅक्लेरन विमानांचे अभियंते होते, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. ही गाडी एका हातानं मिटता आली, काखेत मारता आली, आणि मुलासकट कुठेही जाता यायला लागलं. यात आईबापांची केवढी सोय झाली! ती सोय मला अजिबात हलकी वाटत नाही. गाडी नसती तर लेकीला घेऊन आम्ही गेलो त्यातल्या अर्ध्या ठिकाणी गेलो नसतो, आणि तिनं जे बघितलं ते बघितलं नसतं.

त्याची दुसरी बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत म्हटलंय की मुलाला गाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली निदान 60 मिनिटं दमवणारी. 180 मिनिटं ऐकायला खूप वाटतात, पण मोकळं सोडलेलं मूल ती सहज भरून काढतं. प्रश्न येतो तो ज्या दिवशी आपण तिला इकडून तिकडे नुसती वाहून नेतो, त्या दिवशी.

रविवार

गाडी न घेता बागेत गेलो. जाताना सोपं गेलं. वाट ठाऊक, बाग आवडती.

रस्ता ओलांडताना मात्र मी एकच गोष्ट बघत होतो, "थांब" म्हटल्यावर ती थांबते का. थांबली, सगळ्या वेळा. तरी हात सोडला नाही. येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज या वयात येत नाही, कितीही समंजस मूल असलं तरी. जे मूल हात झटकून पळतं त्याला वर्दळीच्या रस्त्यावर गाडीत बसवण्यात मला काही वावगं दिसत नाही, मग ते केवढंही असो.

परत येताना ती खरोखर दमली होती. खरं दमणं ओळखू येतं: पाय घासत चालते, रिकाम्या सपाट जागीही अडखळते, बोलणं थांबतं. कंटाळली असेल तर बोलणं उलट वाढतं. आज बोलणं थांबलं होतं, म्हणून कडेवर घेतलं. या वजनाचं मूल कडेवर घेऊन फार लांब जाता येत नाही, पाठ लगेच सांगते. मग कठड्यावर बसलो, पाणी प्यायलो, आणि उरलेली वाट तुकड्यातुकड्यानं केली. "त्या खांबापर्यंत." खांब आला की पुढचं काहीतरी ती ठरवायची. वेळ दुप्पट लागला, पण आलो.

मंगळवार

रात्री तिघं बसून बोललो. बालवाडी, बाग, कोपऱ्यापर्यंतची कामं, हे सगळं आता पायी. त्यासाठी सकाळी वीस मिनिटं लवकर निघायचं आणि ती वीस मिनिटं लेकीची, त्यांत फोन नाही, "चल चल" नाही. सोमवार ते बुधवार मी पोचवणार, गुरुवार-शुक्रवार बायको. आई म्हणाली, "संध्याकाळी आणायला मी जाईन, मला कुठे घाई असते." मला वाटतं लेकीला सगळ्यात योग्य सोबत तीच आहे.

लांबच्या प्रवासाला, जिथे दिवसभर फिरायचंय आणि झोपेची वेळ मधेच येणार आहे, तिथे गाडी लागेल. पण ही नाही. पायांचं आणि पट्ट्यांचं जे बघितलं त्यानंतर हिच्यात तिला बसवायचं नाही. तशी वेळ आली तर 22 किलोवाली, लांब पाठीची गाडी कुणाकडून तरी तेवढ्यापुरती मागून आणू.

बायकोच्या मैत्रिणीकडे सहा महिन्यांचं बाळ आहे, गाडी त्यांना द्यायची ठरलं. पाठ पूर्ण आडवी होते, त्यामुळे बाळाला चालेल. उद्या चाकांत गुंडाळलेले केस आणि दोरे काढायचे, कापड धुवायचं, पट्टे खालच्या खाचेत उतरवायचे, ब्रेक उतारावर तपासायचा. लेबलवरचा 15 चा आकडा पुसट झालाय, तो मार्करनं गडद करून द्यायचा आणि हँडलला पिशवी अडकवू नका हे तोंडीही सांगायचं. लेकीला विचारलं, गाडी बाळाला देऊया का? तिनं विचार केला आणि म्हणाली, "देऊया. पण ढकलत मी नेणार."