नेलेली कोकरं

डिसेंबरातली सकाळ. सहा वाजता पुरंदर तालुक्यातल्या एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "डॉक्टर, धनगराच्या वाड्यात रात्री लांडगं शिरलं. सात जनावरं गेली." त्या भागात मी तेव्हा सरकारी पशुवैद्यक होतो. शवविच्छेदनाची पेटी घेतली आणि निघालो.

माळाच्या कडेला, बाजरी काढून झालेल्या रानात वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, बसला होता. वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, एका अंगाला लोळलेली. बाहेर तीन मेंढ्या मरून पडल्या होत्या.

"बाकीची चार?" वनरक्षकांनी विचारलं.

"कोकरं व्हती, न्येली," म्हातारबाबा म्हणाले. "न्येलेली कुठनं दाखवू सायेब?"

नुकसानभरपाईचा सगळा डोलारा मढ्यावर उभा असतो. 48 तासांत वनखात्याला कळवायचं, मढं जागचं हलवायचं नाही, पंचनामा होऊ द्यायचा. बिबट्यानं मारलेल्या गाईला हे चालून जातं, कारण एवढं मोठं धूड बहुतेक वेळा आसपासच सापडतं. लांडगा कोकरू तोंडात धरून जातो, मागे उरलाच तर रक्ताचा थेंब.

त्यात दुसरा पेच. तिसऱ्या मेंढीची मागची मांडी कुरतडलेली होती आणि मातीत कुत्र्यांच्या पंजासारखे ठसे होते. कुत्र्यांनी मारलं असं ठरलं तर या योजनेतून पैसे मिळत नाहीत. लांडग्याचे आणि मोठ्या कुत्र्याचे सुळे जवळपास सारखेच, नुसत्या भोकांच्या अंतरावरून छातीठोक काही सांगता येत नाही. म्हणून मी तिथेच बसून कातडी सोलायला घेतली. गळ्याची कातडी उलटली, तर खाली काळंनिळं साकळलेलं रक्त. म्हणजे गळा धरला तेव्हा जनावर जिवंत होतं. मांडीच्या जखमेखाली मात्र मांस फिकट, रक्त उतरलेलं नाही. मांडी मेल्यानंतर खाल्लेली. तिन्ही मेंढ्यांचा गळा एकाच तऱ्हेनं धरलेला. कुत्री सहसा मिळेल तिथे तोडतात, मागून पुढून लचके काढतात. ती मागाहून आली असणार, हे मी वनरक्षकांना गळा आणि मांडी शेजारी शेजारी दाखवून सांगितलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या मेंढीच्या पोटात पूर्ण दिवसांचं कोकरू निघालं, अंगावर लोकर आलेलं. म्हातारबाबांच्या सुनेनं तोंडाला पदर लावला. पोटातल्या जिवाची वेगळी भरपाई नसते. मी अहवालात 'गाभण, पूर्ण दिवसांची' असं ठळक लिहिलं, निदान किंमत धरताना ते डोळ्यांआड होऊ नये.

मग आम्ही ओढ्याच्या कडेनं कुसळी गवतातून तासभर फिरलो. एका कोकराचा पाय आणि कातड्याचा तुकडा सापडला. वनरक्षकांनी फोटो काढले, पंचनाम्यात घेतलं. बाकी तिघांचं काहीच सापडलं नाही.

मेंढी-शेळीला 2022 पासून बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. आकडा वाईट नाही, पण त्यासाठी आधार कार्ड लागतं, बँकेचं पासबुक लागतं. कुटुंब फलटण तालुक्यातलं, पासबुक गावाकडच्या पेटीत. रानमालकाशी मेंढरं बसवायचा ठराव त्याच दिवशी संपत होता, घोडी लादायला घेतलेली. नोकरीत मी हे अनेकदा पाहिलं: मेंढपाळ पंचनाम्याला थांबतच नाहीत, कारण थांबलं तर उरलेली मेंढरं उपाशी राहतात. ज्या माळावर लांडगा टिकून आहे, तिथे तो यांच्याच मेंढरांवर जगतो. 1972 च्या कायद्यानं त्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण दिलं ते योग्यच आहे. पण त्याचं पोट भरणाऱ्याला खात्याच्या चकरा माराव्या लागतात, याचा मला मनापासून राग येतो.

धाकट्या मुलानं गावाकडून पासबुकाचा फोटो मागवला. माझ्या मोबाईलवरून तो वनरक्षकांकडे गेला. दुपारी वाडा हलला.

फेब्रुवारीत म्हातारबाबांचा फोन आला. वाडा तेव्हा मुळशीकडे होता. "पैसं आलं डॉक्टर, चौघांचं." मी उरलेल्या तीन कोकरांबद्दल चाचरत काही बोलायला लागलो. ते म्हणाले, "ती त्याच्या वाट्याची गेली. आता एक सांगा, वाघूर नवी घ्यायची म्हणतोय, दोरी कंची टिकंल?"