दिवाडीतील शिडाच्या नौका

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी बेट लागते. भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा करावी हे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचे स्वप्न नौदलाने मनावर घेतले, तेव्हा त्यासाठी ‘म्हादेई’ ही नौका बांधण्याचे काम या बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या ‘अ‍ॅक्वेरियस फायबरग्लास’ या लहानशा कारखान्याकडे आले. महासागर ओलांडणारी शिडाची नौका तेथे पूर्वी कधीच बांधली गेली नव्हती.

कारखान्याच्या नावात फायबरग्लास असले, तरी ‘म्हादेई’च्या पोटात लाकूड आहे, आणि मला या इतिहासात सर्वांत रोचक वाटते ते हेच. आपल्या किनाऱ्यावर ‘फायबरची होडी’ म्हणतात ती साच्यातून निघते. पण साचा महाग असल्याने एकाच घडणीच्या अनेक होड्या काढायच्या असतील तरच तो परवडतो. नौका एकच बांधायची असेल तर सेडार लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवून आधी नौकेचा आकार उभा करतात आणि त्यावर काचतंतूंचे कापड इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेत भिजवून चढवतात. म्हणजे लाकूडच साच्याचे काम करते, शिवाय ते कायमचे आत राहते. आत-बाहेर काचतंतूंचे कवच आणि मध्ये हलके लाकूड अशा रचनेमुळे फारसे वजन न वाढता भिंत जाड होते व लाटांच्या माऱ्याखाली सहजी वाकत नाही.

डच आराखड्यावरून बांधलेली ही ५६ फुटी नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले आणि वाटेत मोजके थांबे घेत मे २०१० मध्ये मुंबईला परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता हीच प्रदक्षिणा मार्च २०१३ अखेर पूर्ण केली. ‘तारिणी’ २०१७ मध्ये याच कारखान्यातून आली, आणि त्याच वर्षी सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाच्या फेरीला निघाल्या.

नंतर कारखान्याकडे आणखी एका वेगळ्या नौकेचे काम आले. एकट्याने कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही नौका १९६०च्या दशकात मुंबईत सागवानातून बांधली गेली होती. २०१८च्या ‘गोल्डन ग्लोब’ या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी टॉमींना तिची प्रतिकृती हवी होती. ती ‘थुरिया’ दांडेकरांनीच बांधली. दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली, तरी सुटका होईपर्यंत जवळजवळ तीन दिवस तिने त्यांना पाण्यावर तारून धरले.