ओव्हरहेड गॅरेज दार, नोंद ३: सामानाची जुळवाजुळव

हे दार आडव्या पॅनेलांचं: बाजूच्या ट्रॅकमधून रोलरवर वर सरकत छताखाली आडवं होतं. दाराच्या वरच्या शाफ्टवर पिळाची (टॉर्शन) स्प्रिंग, तिची टोकं कोनांत धरलेली; शाफ्टच्या टोकांच्या ड्रमवर दोरी गुंडाळत जाते आणि दार उचलते. दाराची मापं आधीच्या नोंदींतलीच आहेत: रुंदी २४००, उंची २१०० मिमी, ५२५ मिमीची चार आडवी पॅनेल, दाराच्या वर ४५० मिमी मोकळी जागा. ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या ३८० मिमी. आजची स्थिती अशी: पॅनेल तयार आहेत. कोन, ड्रम, शाफ्ट, बेअरिंग आणि ट्रॅकचं वळण हाताशी आलं आहे. स्प्रिंगची ऑर्डर गेली आहे, मोटरचा विचार अजून लांब आहे.

अमेरिकेत या दाराचं सगळं हार्डवेअर एका संचात मिळतं. आपल्याकडे घरोघरी रोलिंग शटर, त्यामुळे शटरचं सामान गल्लोगल्ली आणि पॅनेलच्या दाराचं सामान फक्त कारखान्यांच्या डॉक-दारं (मालाची चढ-उतार होते ती दारं) बसवणाऱ्यांकडे. पुण्यात बोहरी आळीत बोल्ट, रिव्हेट, अँकर फास्टनर, बिजागरीची पिन, रबर हे सगळं मिळेल, पण टॉर्शन स्प्रिंगचा कोन मागितलात तर रस्त्यावर ठेवायचा नारिंगी कोन पुढे येईल. म्हणून खरेदीचा क्रम महत्त्वाचा. घरी किंवा लेथवर बनवता येत नाहीत त्या वस्तू सर्वांत आधी आणायच्या आणि बाकीचं सगळं त्यांच्या मापाला जुळवायचं. स्प्रिंग मात्र सर्वांत शेवटी, दाराचं वजन काट्यावर कळल्यानंतरच.

आधी कोन आणि ड्रम

स्प्रिंगची टोकं धरून ठेवणारे ओतीव अॅल्युमिनियमचे कोन चार लागतात. दोन मधल्या ब्रॅकेटला बोल्टने पक्के, दोन बाहेरच्या टोकांना गुंडाळण्यासाठी. आपल्याला २ इंच आतल्या व्यासाच्या स्प्रिंगचे हवेत. हे लेथवर करून घ्यायचा मोह आवरा. कोनावरचे आटे गोल तळाचे आणि स्प्रिंगच्या तारेच्या जाडीशी जुळणारे असावे लागतात, शिवाय एक जोडी उजवी आणि एक डावी. आटे उथळ झाले तर ताण भरल्यावर स्प्रिंग कोनावर सरकते. कोनच नको म्हणून स्प्रिंगची टोकं वाकवून बोल्टला अडकवायची युक्तीही सुचवली जाते. वाकवलेल्या त्या कोपऱ्यावरच तार तडकते.

ड्रम ४ इंची, ओतीव, त्यावर ‘४००-८’ असं कोरलेलं असतं. ८ म्हणजे आठ फुटांपर्यंतच्या दारासाठी. दोरी धरून प्रभावी व्यास सुमारे १०२ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात ३२० मिमी दोरी गुंडाळते. डावा-उजवा ड्रम वेगळा असतो. कोन आणि ड्रम दोन्हींवर लाल-काळा रंग दिसतो, पण रंगावर जाऊ नका. खाच आणि आटे कोणत्या दिशेला वळतात ते हातात धरून बघा.

हे सामान इंची मापाचं आहे आणि पुढची साखळी इथूनच ठरते. ड्रम आणि कोनाचं भोक १ इंच, म्हणजे २५.४ मिमी. त्यात २५ मिमीचा शाफ्ट घातला तर ०.४ मिमी खेळ राहतो, सेट स्क्रू कितीही आवळला तरी ड्रम एका बाजूला ओढला जातो आणि दोरी खाच सोडते. म्हणून शाफ्ट एक इंची ब्राइट बारचाच (नेमक्या मापाचा गुळगुळीत पोलादी गज) घ्या, लांबी २७५० मिमी, वजन साधारण ११ किलो. बार घेताना तो फरशीवर लोळवून बघा. मधे उजेड दिसला तर दुसरा मागा. ड्रम शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवायच्या चावीची खाच दोन सूत (पाव इंच), चावीही दोन सूत.

बेअरिंगमध्ये इथेच गफलत होते. काउंटरवर ‘२०५’ म्हटलं की २५ मिमी भोकाची येते. एक इंचासाठी ‘२०५-१६’ असं स्पष्ट सांगावं लागतं आणि ती बऱ्याचदा मागवून घ्यावी लागते. दोन्ही टोकांना यूसीएफएल २०५-१६, म्हणजे दोन बोल्टची फ्लँजवाली. मधे ८ मिमी जाडीच्या प्लेटवर तसलीच एक, आणि त्याच प्लेटला दोन्ही स्थिर कोन. प्लेट भोसरीत लेझरवर कापून घेतली. ड्रिलने चार भोकं मारण्यापेक्षा ते बरं, कारण कोनाची भोकं आणि बेअरिंगचं केंद्र एका रेषेत नसेल तर स्प्रिंग शाफ्टला घासत फिरते.

वजन

हिशेब आधी कागदावर. २५×२५×१.६ मिमी चौकोनी पाइप मीटरला सुमारे १.१५ किलो भरतो. एका पॅनेलला चौकट ५.८५ मीटर आणि तीन उभ्या पट्ट्या मिळून १.४ मीटर, म्हणजे ८.३ किलो. ०.८ मिमी जीआय पत्रा १.२६ चौरस मीटर, ७.९ किलो. चार पॅनेलचे ६५ किलो, वर बिजागऱ्या, रोलर, खालचं रबर आणि रंग धरून सत्तरच्या आसपास. पत्रा वेल्ड करू नका, तो जळतो आणि जस्त उडतं. ४ मिमी पॉप रिव्हेट आणि पीयू सीलंट पुरे.

कागदावरचा आकडा स्प्रिंगवाल्याला द्यायचा नाही. रंग वाळल्यावर, बिजागऱ्या आणि रबर लावून, एकेक पॅनेल भंगारवाल्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवा. काच किंवा जाळी नंतर बसवायचा बेत असेल तर तिचं वजन आत्ताच धरा.

स्प्रिंगचा हिशेब

दार बंद असताना ७० किलो (तुमचा आकडा काट्यावरचा घाला), म्हणजे ६८७ न्यूटन, ५१ मिमीच्या हातावर, म्हणजे ड्रमच्या त्रिज्येवर, लटकतात. शाफ्टवर येणारा पिळाचा ताण (टॉर्क) ३५ न्यूटन-मीटर. दार २१०० मिमी चढतं, म्हणजे ड्रम ६.५५ फेरे फिरतो. दार पूर्ण वर गेल्यावरही दोरी सैल पडू नये म्हणून पाऊण फेरा शिल्लक हवा. एकूण सुमारे ७.३ फेरे, तेव्हा दर फेऱ्याला ४.८ न्यूटन-मीटर हवेत. स्प्रिंग दोन, प्रत्येकी २.४.

तार ५.६ मिमी, आतला व्यास ५१ धरला तर मधला व्यास ५६.६ मिमी येतो. दर फेऱ्याचा ताण (न्यूटन-मिलिमीटरमध्ये) काढायचं सूत्र: तारेच्या जाडीचा चौथा घात गुणिले २,०६,०००, भागिले (१०.८ × मधला व्यास × कामाची, म्हणजे प्रत्यक्ष पीळ घेणारी, वेटोळी). ते २,४०० यायला हवं तर १३८ वेटोळी लागतात. दोन्ही कोनांवर अडकणारी पाचेक जादा धरून ऑर्डर १४३ ची. कामाच्या भागाची लांबी ७७३ मिमी, आणि ताण भरल्यावर ती दर फेऱ्याला एका तारेइतकी, म्हणजे एकूण ४१ मिमी वाढते. तेवढी जागा शाफ्टवर ठेवा. आतला व्यास तेव्हा आकसून ४८ मिमीवर येतो. एक इंची शाफ्टला त्यात अडचण नाही.

जाडी चौथ्या घातात असल्यामुळे ‘५.६ नाही, ६ ची तार आहे, चालेल ना?’ या प्रश्नाला नाहीच म्हणायचं. तेवढ्याच वेटोळ्यांत ६ मिमीची तार ३२ टक्के कडक होते आणि दार हातातून सुटून वर धावतं. ५.७ नेही ७ टक्के फरक पडतो, म्हणजे पाच किलो. तार बदलायचीच असेल तर वेटोळी पुन्हा काढा. माल आल्यावर मधली २० वेटोळी दाबून मोजा: ११२ मिमी भरली पाहिजेत. ११४ भरली तर तार ५.७ आहे.

ऑर्डरच्या कागदावर लिहायचं ते: आयएस ४४५४ ची स्प्रिंग स्टील तार, तारेची जाडी, आतला व्यास, एकूण वेटोळी, एक उजवी एक डावी (चित्र काढून), गुंडाळल्यावर स्ट्रेस रिलीव्ह (तापवून तारेतला आतला ताण उतरवणं). झिंक प्लेटिंग नको. इतक्या ताणाच्या तारेत प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि ती अचानक तुटते. तेलाचा हात पुरतो.

शटरची पट्टी-स्प्रिंग का नाही? ती शटरच्या पाइपमध्ये बसेल अशी असते आणि दर फेऱ्याला ताण किती वाढतो हे दुकानात कोणी सांगू शकत नाही. वजन लटकवून तोल साधायचा पर्यायही बरेच जण सुचवतात. एकसंध सरळ वर जाणाऱ्या दाराला तो उत्तम. पॅनेलच्या दारात मात्र एकेक पॅनेल आडवं झालं की दोरीवरचा भार उतरत जातो, आणि लटकवलेलं वजन तेवढंच राहतं. दार अर्ध्यात गेलं की उरलेला प्रवास धाडकन करतं. चार वजनं साखळीने एकाखाली एक लटकवून, पॅनेलगणिक एकेक जमिनीवर टेकेल अशी रचना जमते, पण तिला भिंतीलगत खोकं लागतं आणि लहान मुलांपासून ते बंद ठेवावं लागतं. स्प्रिंगचा ताण फेऱ्यागणिक आपोआप उतरतो, म्हणून इथे स्प्रिंगच.

ट्रॅक, रोलर, बिजागऱ्या

ट्रॅकचा सरळ भाग २ मिमी जीआय पत्र्यातून बेंडिंग मशिनवर वाकवून मिळतो. वळण घरगुती साधनांनी होत नाही, ट्रॅकची कड चुरगळते. डॉक-दारांच्या बसवणाऱ्याकडून फक्त वळणाची जोडी घेतली आणि तिचाच तुकडा बेंडिंगवाल्याला नमुना म्हणून दिला. जोडावर अर्धा मिमी पायरी राहिली तरी प्रत्येक रोलर तिथे ठोका देतो. कानस मारून ती काढाच.

रोलर दहा: दर बाजूला तळाशी एक, तीन सांध्यांवर तीन, वर एक. ६२०१ झेडझेड बेअरिंग (१२×३२×१०), त्यावर नायलॉनची ४६ मिमी बाहेरच्या व्यासाची कडी दाबून बसवलेली, दांडा १२ मिमी ब्राइट बार. नुसतं बेअरिंग ट्रॅकमध्ये फिरवलं तर शेजारचे उठून येतील.

बिजागऱ्यांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. कडेच्या बिजागरीत रोलरचा दांडा किती बाहेर धरला आहे ते महत्त्वाचं. खालच्या सांध्याला नंबर १, मधल्याला २, वरच्याला ३, आणि दर नंबरला अंतर साधारण एक सूत वाढतं. ट्रॅकही वर जाताना भिंतीपासून तेवढाच दूर होत जातो. त्यामुळे दार बंद होताना चौकटीला पाचरीसारखं दाबून बसतं आणि उघडताना लगेच सुटतं. सगळ्या बिजागऱ्या एकाच मापाच्या घातल्या तर दोनच शक्यता: रबर पूर्ण प्रवासभर घासून झिजतं, किंवा वर फट राहून पावसाची झड आत येते. २ मिमी पत्र्यात तिन्ही मापं लेझरवर कापून घ्या आणि नंबर ठोकून ठेवा, डोळ्यांना फरक कळत नाही. मधल्या आधाराला, रोलरशिवाय, सगळीकडे नंबर १.

दोरी जिथे अडकते तो खालचा ब्रॅकेट सगळं दार उचलतो. त्याला पत्र्याचे स्क्रू चालणार नाहीत, पाइपच्या आरपार एम८ बोल्ट आणि नायलॉक नट. ताण भरलेला असताना या बोल्टना पाना लावायचा नाही. बोल्टचं डोकं लाल रंगवून ठेवा.

दोरी

३ मिमी, ७×१९ (सात पेड, प्रत्येकात एकोणीस तारा), गॅल्व्हनाइज्ड. मुंबईला जाणं होणार असेल तर नागदेवी स्ट्रीटला लांबीवर कापून मिळते. एका दोरीवर ३५ किलो येतात, तिची तुटण्याची ताकद दहापटीहून जास्त. ७×७ ची दोरी स्वस्त पण ताठ, लहान ड्रमवर तिच्या तारा लवकर तुटतात. कोकणात किंवा खाडीजवळ असाल तर स्टेनलेस घ्या. दोन्ही दोऱ्या एकाच वेळी, सारख्या ताणाखाली मोजून कापा. पाच मिमीचा फरकही दार तिरकं करतो. टोकाला थिंबल (फास्यातली धातूची खोबण) आणि दाबलेली फेरूल (दोरीवर दाबून बसवायची नळी). क्लिप वापरलीच तर तिचं खोगीर भार घेणाऱ्या दोरीवर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर.

अजून यायचं

स्प्रिंग, खालच्या रबराची अॅल्युमिनियम पट्टी, आडव्या ट्रॅकला स्लॅबपासून टांगायचे भोकांचे अँगल (तिरपा आधार विसरू नका, नाहीतर मागचं टोक डोलतं), बीमसाठी एम१० अँकर. बीम काँक्रीटचाच हवा, विटांत किंवा गिलाव्यात हे अँकर धरत नाहीत.

गुंडाळण्यासाठी कोनाच्या भोकात नेमक्या बसणाऱ्या, अर्धा इंची, ४५० मिमी लांबीच्या दोन सळ्या ब्राइट बारमधून कापल्या आहेत. पेचकस किंवा बांधकामाच्या सळईचा तुकडा अजिबात नको. पूर्ण ताणात एका स्प्रिंगमध्ये सुमारे ४०० जूल असतात, म्हणजे ४० किलोचं पोतं मीटरभरावरून पडावं इतके. दार बंद, तळाच्या रोलरच्या लगेच वर दोन्ही ट्रॅकवर क्लॅम्प, स्प्रिंगवर खडूची सरळ रेघ. एक सळी भोकात बसल्याशिवाय दुसरी काढायची नाही आणि उभं राहायचं कोनाच्या समोर नाही, बाजूला. पाव-पाव फेरे २९, दोन्हीकडे सारखे. रेघेचे वेढे मोजून खात्री करा. मग सेट स्क्रू आवळून, सळ्या बाहेर काढून, क्लॅम्प सोडा आणि दार कमरेइतकं उचलून बघा. तिथेच थांबलं तर तोल बरोबर. वर जात असेल तर दोन्ही स्प्रिंगचा पाव फेरा सोडा, खाली येत असेल तर पाव भरा. दोहोंपैकी एकाच स्प्रिंगला हात लावायचा नाही. दर वेळी दार पुन्हा बंद करून आणि क्लॅम्प लावूनच.