मोफत प्रशिक्षण सहल आणि वूडलँड्सचे पावणेपाच तास

आधी निकाल सांगून टाकते. शाळेची मुलं घेऊन रविवारी संध्याकाळी बसने मलेशियातून सिंगापूरमध्ये शिरायचं नाही. टूर कंपनी काहीही म्हणो, माणशी कितीही वाचोत. एवढंच लक्षात ठेवून पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

झालं असं. परदेशात सहल काढू पाहणाऱ्या शाळांच्या शिक्षकांसाठी एका कंपनीने दिवाळीच्या सुट्टीत ‘मोफत प्रशिक्षण सहल’ ठेवली होती. क्वालालंपूर, मलाक्का, सिंगापूर, सहा दिवस. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या वेगवेगळ्या शाळांतले आम्ही एकवीस जण. अट अशी की परत आल्यावर निदान पंधरा मुलं जमवायची. पंधरा मुलांमागे एका शिक्षकाचं तिकीट कंपनीचं. मी भूगोल शिकवते. वीस वर्षं नकाशावर काठी ठेवून मलाक्काची सामुद्रधुनी दाखवली, ती एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून भाऊबीज उरकली आणि रात्रीच्या बसने मुंबई गाठली.

‘मोफत’ या शब्दाचं काय करायचं ते आधी बघू. गाइड आणि ड्रायव्हरच्या टिपा म्हणून रोज पाच सिंगापूर डॉलर, सहा दिवसांचे तीस, पहिल्याच संध्याकाळी बसमध्ये एका पिशवीत गोळा केले. पावती नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला टीप द्यायला माझी ना नाही, पण मग आधी कागदावर लिहा. याहून जास्त झोंबलं ते ‘फॉर्म भरणी’चं. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड आणि सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड, प्रत्येकी सहाशे रुपये, म्हणजे माणशी बाराशे. एकवीस जणांचे पंचवीस हजार दोनशे झाले. हे दोन्ही फॉर्म त्या त्या सरकारच्या साइटवर फुकट भरता येतात. पासपोर्ट नंबर, येण्या-जाण्याची तारीख, प्रवासाचं साधन, हॉटेलचा पत्ता, अशी साधी माहिती विचारतात. पोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत भरायचे असतात, त्यामुळे महिनाभर आधी ‘आम्ही भरून ठेवलंय’ असं कोणी सांगितलं तर ते खोटं समजा. पैसे मागणारी, हुबेहूब दिसणारी साइट उघडली तर बंद करा. बाराशे रुपये देऊन आमचे फॉर्म कसे भरले होते, ते पुढे येईलच.

आता प्रशिक्षण. क्वालालंपूरच्या हॉटेलात, चहा-बिस्किटांसह, दोन तास. मी वही घेऊन पुढच्या रांगेत बसले. पालकसभा कशी घ्यायची, हप्त्यांची योजना कशी समजावायची, ‘आमच्या मुलाला नाही पाठवायचं’ म्हणणाऱ्या वडिलांना काय उत्तर द्यायचं, शाळेच्या ग्रुपवर कुठले फोटो टाकायचे. मुलाला रात्री दोन वाजता उलट्या झाल्या तर काय, पासपोर्ट हरवला तर आधी कुठे जायचं, एका खोलीत किती मुलं, मजल्यावर पहारा कोणाचा, यातला एक शब्द नाही. मी विचारलं तर ‘मॅडम, आमचा टूर मॅनेजर असतो ना’ असं उत्तर मिळालं. हे मुलं जमवायचं प्रशिक्षण होतं, सांभाळायचं नव्हे. नमुना म्हणून मुलांच्या सहलीचा जो कार्यक्रम वाटला, त्यात पेट्रोनासच्या जुळ्या टॉवरांना जोडणारा पूल सोमवारी होता. सोमवारी तो बंद असतो. कागद बनवणाऱ्याला हे माहीत नाही आणि आम्ही त्याच्या भरवशावर तीस मुलं न्यायची!

क्वालालंपूरबद्दल थोडक्यात. बाटू केव्हज या गुहेतल्या देवळात न्या. २७२ पायऱ्या मुलं पळत चढतात, आपण हळू चढावं. मुलींचे गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर खाली भाड्याने कापड गुंडाळावं लागतं. हातात खाऊची पिशवी अजिबात नको, माकडं आपल्या सज्जनगडावरची परवडली. गेंटिंगच्या डोंगरावर नेऊ नका. केबल कार छान आहे, पण वर जाऊन काय, तर कॅसिनो आणि मॉल. जेवणात जो शाकाहारी आहे त्याच्यासाठी एक शब्द पाठ करा: बेलाचान. ती कोळंबीची आंबवलेली पेस्ट. हिरवीगार पालेभाजी समोर येते, ‘व्हेज?’ म्हटलं की वेटर मान हलवतो, आणि भाजीत बेलाचान असतंच. दोन मॅडमनी अर्धी ताटली खाल्ल्यावर हे कळलं. ‘नो बेलाचान, नो ऑयस्टर सॉस’ असं दोन्ही सांगायचं.

मलाक्का सुंदर आहे, सामुद्रधुनी पाहिली, डोळे भरून आले. त्यात सल्ला देण्यासारखं काही नाही.

रविवारी सकाळी मलाक्क्याहून निघालो. वाटेत चॉकलेटच्या एका दुकानात दीड तास थांबवलं. तिथे कोणाचं काय शिजतं ते सांगायला नको. मग जेवण. जोहोर बाहरू या सीमेवरच्या मलेशियन शहरात इमिग्रेशनच्या इमारतीखाली बस लागली तेव्हा सव्वापाच वाजले होते. सिंगापूरचे लोक शनिवार-रविवारी स्वस्त पेट्रोल भरायला, खायला, खरेदीला जोहोरात येतात आणि रविवारी संध्याकाळी सगळेच परत फिरतात. आम्ही नेमके त्यांच्या मागे उभे.

पहिली गोष्ट अशी की बस तुम्हाला घेऊन सीमा ओलांडत नाही. जोहोरला उतरायचं, बाहेर पडल्याचा शिक्का, परत बसमध्ये. पूल ओलांडायचा. पलीकडे सिंगापूरच्या वूडलँड्स नाक्यावर पुन्हा उतरायचं, आणि या वेळी सगळं सामान घेऊन. बॅगा स्कॅनमधून काढायच्या, पलीकडे जायचं, मग बस शोधायची. आमच्यातल्या निम्म्यांनी मोठी बॅग बसच्या पोटातच राहील असं धरलं होतं. सरकत्या जिन्यावर दोन-दोन बॅगा, हातात पासपोर्ट, तोंडात हॉटेलचं व्हाउचर. मुलांना एकच बॅग, आणि ती त्यांना स्वतःला उचलता आली पाहिजे. शाळेच्या मैदानात बॅग घेऊन दोन चकरा मारायला लावा, दुसरी चक्कर मारवली नाही तर घरी परत पाठवून सामान कमी करायला सांगा.

जोहोरमधून सुटायला पावणेसात झाले. मग पूल. दोन देशांना जोडणारा हा कॉजवे १९२४ साली बांधून झाला, लांबी एक किलोमीटरच्या जरा पुढे. तो एक किलोमीटर जायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. खिडकीतून रस्त्याकडेला जाड पाण्याचे पाइप दिसतात. सिंगापूर जोहोरच्या नदीचं पाणी आणतं ते यातून. १९६२चा करार, २०६१पर्यंत चालणारा, रोज पंचवीस कोटी गॅलनपर्यंत, आणि कच्च्या पाण्याचा दर हजार गॅलनला तीन सेन, म्हणजे मलेशियाचे तीन पैसे. दोन देशांचं भांडण, शेजार आणि भूगोल एका पाइपात. गाइड त्या वेळी रात्रीच्या सिटी टूरची जाहिरात करत होता. मुलं घेऊन जाल तेव्हा इथे माइक स्वतः घ्या, पन्नास मिनिटं मिळणारच आहेत.

पूल अर्धा झाला असेल तेव्हा गाइडला आठवण झाली. ‘च्युइंग गम, तंबाखू, वेप, कसकस, काही असेल तर टाकून द्या. सिंगापूरमध्ये चालत नाही.’ कसकस म्हणजे आपली खसखस, हे कराडच्या मॅडमना कळायला मिनिट लागलं. त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा होता, सिंगापूरच्या भाचीसाठी घरून आणलेले अनारसे, प्रत्येकाच्या एका अंगाला गच्च खसखस. भारतात किराणा दुकानात मिळणारी ही खसखस तिथे बंदी असलेल्या मालात मोडते. डबा टाकायचा? दिवाळीचे अनारसे? मॅडमनी डबा उघडला आणि मागच्या सीटपासून पुढे फिरवला. वीस मिनिटांत बत्तीस अनारसे संपले. ड्रायव्हरनेही एक घेतला. मग मॅडमनी डब्यात पाणी ओतून तो विसळला, पदराने पुसला, आणि सगळ्यांनी मांडीवरचे दाणे कागदात गोळा केले. त्यांच्या पुढच्या सीटवर पी.टी.चे सर. त्यांनी तंबाखूची पुडी काढली, तिच्याकडे बघितलं, आणि बसच्या कचऱ्याच्या पिशवीत सोडली. ‘चुन्याची डबी ठेवू का?’ असं मला हळूच विचारलं. पुढचे तीन दिवस सरांशी बोलायची सोय नव्हती. मुलांच्या दप्तरात गम असतोच. सिंगापूरने तो आणण्यावर १९९२पासून बंदी घातली आहे. मुंबई विमानतळावरच सगळ्यांचे खिसे तपासा. घरून खोकल्याचं औषध देणार असतील तर त्यात कोडीन नाही ना ते बघा.

वूडलँड्सला साडेसात-पावणेआठ झाले. रांगा विमानतळासारख्या सरळ नाहीत, घोळका असतो आणि तो पुढे सरकतो. माझी पाळी आली, अधिकाऱ्याने अंगठा ठेवायला सांगितलं. यंत्राला ठसा मिळेना. दुसरा अंगठा, तरी नाही. वीस वर्षं खडू चोळून रेषा गेल्यात हे त्याला कसं सांगणार! पदराने पुसून, दाबून धरला तेव्हा चौथ्या वेळी उमटला. मग त्याने विचारलं, ‘विमानाने आलात?’ मी म्हटलं, बसने. बाराशे रुपये घेऊन भरलेल्या आमच्या कार्डांवर प्रवासाचं साधन म्हणून विमान लिहिलं होतं. सगळ्या एकवीस जणांच्या. काहींना तसंच सोडलं, मला आणि आणखी चौघांना बाजूला काढून नवीन भरायला सांगितलं. फोन काढला तर नेटवर्क नाही: मी क्वालालंपूरला घेतलेलं सिम मलेशियाचं, ते पुलावरच मेलं होतं. शेवटी ज्या एका सरांकडे दोन्ही देशांचा रोमिंग पॅक होता त्यांच्या हॉटस्पॉटवर पाच जणांनी फॉर्म भरले. मुलांच्या गटात प्रत्येक रांगेच्या पुढे एक आणि मागे एक शिक्षक, आणि दोघांकडे दोन्ही देशांत चालणारा फोन, हे लिहूनच ठेवा.

पलीकडे उतरलो तर बस नव्हती. एकसारख्या पांढऱ्या बसची रांग, आणि नंबर एकालाही माहीत नाही! दोन मॅडम तर भलत्याच बसमध्ये चढून बसल्या, चिनी आजीबाईंनी त्यांना जागाही करून दिली. उतरण्याआधी प्रत्येक मुलाने बसची नंबर प्लेट हातावर पेनाने लिहायची. फोटो नको, फोन ऐनवेळी बंद पडतात आणि इमिग्रेशनच्या हॉलमध्ये फोटो काढायलाही मनाई आहे. पासपोर्ट शिक्षकाच्या एका पिशवीत ठेवायची सवय इथे उपयोगाची नाही, प्रत्येकाच्या गळ्यात त्याचा त्याचा हवा. सीमा संपली की लगेच गोळा करायचे, मोजून.

बस मिळाली तेव्हा दहा वाजले होते. सव्वापाच ते दहा. हॉटेलच्या खोलीत पोचल्यावर मी बूट न काढता पलंगावर पडले आणि ठरवलं की मुलं-बिलं काही न्यायची नाहीत. सकाळी इडली खाल्ली आणि मत बदललं.

मुलं न्यायचीच असतील तर दिशा उलटी करा. विमानाने आधी सिंगापूर, आणि मंगळवार-बुधवारी सकाळी दहा-अकराला जोहोरकडे. कामाला जाणारे मलेशियन लोक सकाळी सिंगापूरकडे येतात आणि संध्याकाळी परत जातात, त्यामुळे त्या वेळी आपण उलट्या दिशेला असतो. परतीचं विमान क्वालालंपूरहून. जून आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सिंगापूरच्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा तर हा पूल टाळाच. तुआसचा दुसरा पूल आहे, पण लांब पडतो, आणि रविवारी तिथेही काही कोणी तुमची वाट बघत नाही. नाहीतर मलेशियाच सोडा. एकटं सिंगापूर चार दिवसांत उत्तम होतं.

सिंगापूरचे तीन दिवस चांगले गेले. जुराँगच्या सायन्स सेंटरला पूर्ण दिवस द्या, कंपनी अर्धा दिवस देते, तो पुरत नाही. गार्डन्स बाय द बेचा दिव्यांचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला असतो आणि फुकट असतो, त्याचे पैसे लावले असतील तर विचारा. सेरंगून रोडला कोमला विलासमध्ये जेवण मिळालं की शाकाहारी मुलांचा प्रश्न मिटला. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, पाणीसुद्धा प्यायचं नाही, दंड पाचशे डॉलरपर्यंत.

परत आल्यावर मी कंपनीला फोन केला. फेब्रुवारीत एकतीस मुलं येतील म्हटलं, पण सीमा मंगळवारी सकाळी, सिंगापूरहून जोहोरकडे, चॉकलेटचं दुकान नको, आणि फॉर्म आम्ही शाळेतच कॉम्प्युटर लॅबमध्ये मुलांकडून भरून घेणार. पलीकडे थोडी शांतता होती. मग, ‘मॅडम, असं केलं तर माणशी दीड हजार जास्त पडतील.’

घ्या दीड हजार, म्हटलं. पावतीवर लिहून द्या.